स्वस्त हँडीकॅम नावाचा लेखनिक

जुन्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्याला पोथी वाचण्याआधी लेखनिक वाचावा लागतो. एक लेखनिक 'व' आणि 'ब' सारखेच काढतो. दुसरा दमला की ओळ गाळतो. तिसरा फार हुशार असतो. त्याला न कळलेल्या शब्दाच्या जागी तो आपल्या ओळखीचा शब्द घालून मोकळा होतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच अनेक हातांनी शिरलेले पाठ बाजूला काढण्यासाठी. लेखनिकाच्या खोडी एकदा कळल्या की त्याच्या चुका मूळ ग्रंथकाराच्या माथी मारल्या जात नाहीत.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत महाराष्ट्रात असाच एक नवा लेखनिक काम करून गेला. त्याने गोंधळ टिपले, जागरणं टिपली, दशावतार, भारूडं, जात्यावरच्या ओव्या, आजीच्या गोष्टी टिपल्या. ज्यांच्याकडे ना संस्थेचं पाठबळ ना अनुदान, अशा शिक्षक, कारकून, पत्रकार, महाविद्यालयीन मुलांच्या हातात तो होता. हा लेखनिक म्हणजे स्वस्तातला हँडीकॅम. त्याने टिपलेली माणसं आता मोठ्या संख्येने हयात नाहीत. उरला आहे तो त्याचा पाठ. आणि हा पाठ आपण मूळ प्रयोग समजूनच वाचतो आहोत, ही माझी काळजी आहे.

'हँडीकॅम' हे खरं तर एका जपानी कंपनीने आपल्या मालाला दिलेलं नाव, पण आपल्याकडे डालडा किंवा झेरॉक्ससारखं ते सगळ्याच जातकुळीला लागलं. मूळ शब्द कॅमकॉर्डर, म्हणजे कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच डब्यात. घरगुती वापरासाठी असा एकत्र डबा १९८३ मध्ये बाजारात आला, सोनीचा बीटामूव्ही. तो खांद्यावर ठेवावा लागे. १९८५ मध्ये आठ मिलिमीटर रुंदीच्या फितीचा व्हिडिओ-८ आला आणि कॅमेरा तळहातात मावायला लागला. १९९५ मध्ये मिनी-डीव्ही आली. सव्वासहा मिलिमीटरची फीत, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट आणि चित्र पहिल्यांदाच आकड्यांच्या रूपात. आपल्याकडच्या हौशी अभ्यासकांच्या हाती हँडीकॅम आला तो बहुतेक या मिनी-डीव्हीच्या रूपात, दोन हजार सालाच्या आगेमागे. पुढे छोट्या डीव्हीडीवर, हार्ड डिस्कवर आणि शेवटी मेमरी कार्डावर लिहिणारे कॅमेरे आले.

माझा पहिला कॅमेरा २००४ सालचा, त्या कंपनीच्या यादीतला सगळ्यात खालचा. खोक्यावर मोठ्या अक्षरात आठशे पट झूम लिहिलेलं होतं. त्यातलं भिंगाचं खरं झूम वीस पट; उरलेलं म्हणजे तेच चित्र ताणून मोठं करणं. मी तंत्रज्ञ नाही. पुढे जे लिहितो आहे ते माहितीपत्रकं वाचून, दीडशेच्या आसपास कॅसेटी पुन्हा पुन्हा पाहून आणि इतरांनी आणून दिलेल्या टेपा त्यांच्याच मालकांशेजारी बसून तपासून जमलेलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हा कॅमेरा कशासाठी बनवला होता ते लक्षात ठेवायला हवं. तो वाढदिवसासाठी बनवला होता. दिवाणखान्यात पुरेसा उजेड आहे, केक कापणारं मूल दोन मीटरवर आहे, एका वेळी एक माणूस बोलतो आहे आणि कॅमेरा धरणाऱ्या बापाला काहीही जुळवायचं नाही, फक्त लाल बटण दाबायचं आहे. म्हणून स्वस्त कॅमेऱ्यात सगळं स्वयंचलित असतं. उजेड किती घ्यायचा, पांढरा रंग कुठला मानायचा, नजर कुठे रोखायची, आवाज किती ठेवायचा, हे तो स्वतः ठरवतो. महाग कॅमेऱ्यात या प्रत्येक गोष्टीला एक चाक किंवा बटण असतं आणि निर्णय माणूस घेतो. किमतीतला खरा फरक भिंगाइतकाच या चाकांचा असतो. स्वस्त कॅमेऱ्यात निर्णय आधीच, कारखान्यात, त्या वाढदिवसाच्या कल्पनेवरून घेतलेला असतो. आणि आपण तो कॅमेरा घेऊन गेलो खंडोबाच्या जागरणाला.

आवाजापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठी पडझड तिथे झाली आहे आणि तीच सगळ्यात कमी दिसते. स्वस्त हँडीकॅममध्ये आवाजाची पातळी आपोआप राखणारी योजना असते. आवाज मोठा झाला की ती क्षणात ग्रहणशक्ती खाली ओढते, म्हणजे ध्वनी फाटत नाही. आवाज लहान झाला की ती हळूहळू वर नेते, म्हणजे कुजबुजही ऐकू येते. खाली ओढणं झटक्यात, वर नेणं सावकाश. वाढदिवसाला हे उत्तम. आता गोंधळ डोळ्यासमोर आणा. संबळाचा जोरकस ठोका पडतो, त्यापाठोपाठ गोंधळी ओळ उचलतो. ठोक्याने कॅमेऱ्याची ग्रहणशक्ती खाली ओढलेली असते, ती वर यायला सेकंद-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात ओळीचे पहिले तीन-चार शब्द दबलेले उमटतात आणि ओळीच्या शेवटाकडे आवाज चढत गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात गोंधळ्याने पहिला शब्दच सगळ्यात जोरात टाकलेला असतो. टेपवर त्याची गायकी उलटी झाली.

याचं काय होतं ते मी एका गोंधळी कुटुंबात पाहिलं. आजोबा गेले तेव्हा नातू लहान होता. मोठा झाल्यावर त्याने आजोबांची गाणी शिकली ती घरात असलेल्या एका जुन्या मुद्रणावरून, लग्नाच्या गोंधळात कुणा पाहुण्याने हँडीकॅमवर घेतलेल्या. मुलाचा गळा चांगला, पाठांतर चोख. पण प्रत्येक ठोक्यानंतर तो ओळ दबक्या आवाजात उचलायचा आणि शेवटाकडे चढवत न्यायचा. शेजारच्या गावातल्या, आजोबांबरोबर तुणतुणं धरलेल्या म्हाताऱ्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "आरं, तुझा आजा असा भ्यायल्यावानी नव्हता म्हनत." मुलाला वाटत होतं, हीच आपल्या घराण्याची रीत. कॅमेऱ्याची खोड एका पिढीत गायकी झाली होती.

हे ओळखायची एक साधी कसोटी मला सापडली, ती इथे सांगून ठेवतो. मुद्रणात सतत चालू असणारा एखादा आवाज शोधायचा. तुणतुण्याचा सूर, रातकिडे, जनरेटरची घरघर, काहीही. ठोक्यानंतर गळ्याबरोबर तो सतत आवाजही दबत असेल, तर दबणं कॅमेऱ्याचं. तुणतुणं जागच्या जागी आणि फक्त गळा उतरला, तर ती गायकाची मर्जी. त्या नातवाच्या टेपेत ठोक्यागणिक रातकिडेसुद्धा गप्प होत होते. त्याला ते ऐकवलं तेव्हा तो बराच वेळ हसला आणि मग म्हाताऱ्यांकडे शिकायला जायला लागला. दोघे हयात होते, हे नशीब.

आवाजाच्या आणखी दोन खोडी आहेत. टेपवाल्या कॅमेऱ्यात मायक्रोफोन आणि फीत फिरवणारी मोटर एकाच टीचभर डब्यात असतात, त्यामुळे शांततेत मोटरची कुरकुर वर येते. एका अभ्यासकाने ती जात्याची घरघर समजून टिपणात नोंदवलेली मी वाचली आहे. दुसरी खोड जास्त छुपी. मिनी-डीव्हीत आवाज दोन प्रकारे लिहिता येतो, १६ बिट किंवा १२ बिट. बरेच घरगुती कॅमेरे कारखान्यातून १२ बिटवर लावलेले येत. त्यात सेकंदाला ४८ हजारांऐवजी ३२ हजार नमुने घेतले जातात आणि साधारण १५-१६ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. बोलण्याला याने फरक पडत नाही. झांजेला पडतो, तिच्या आवाजाची वरची चमक जाते आणि ती पत्र्यासारखी वाजते. खालच्या टोकालाही हाल आहेत. एवढ्याशा मायक्रोफोनला वाऱ्याची भीती, म्हणून त्यात खालचे सूर मुळातच कमी घेतात आणि संबळाच्या जोडीतलं मोठं, घुमणारं अंग अशक्त होतं. ज्याने फक्त टेप ऐकली त्याला संबळ हे कडकडणारं वाद्य वाटेल. जवळ बसून ज्याने ऐकलं त्याच्या छातीत ते घुमलेलं असतं.

बाहेरचा मायक्रोफोन जोडला तर यातलं बरंच टळतं. पण किंमत कमी करताना कंपन्या पहिल्यांदा ते जोडायचं भोक बुजवतात. २०१५ मध्ये आलेल्या आणि स्वस्त, साधा कॅमकॉर्डर म्हणून वर्षानुवर्षं खपलेल्या सोनीच्या सीएक्स-४०५ या कॅमेऱ्याला ३० पट खरं झूम आहे, पण मायक्रोफोन लावायची सोय नाही, हेडफोनचीही नाही. खरेदी करणारा झूम विचारतो, भोक विचारत नाही.

चित्राचं नुकसान दिसतं, म्हणून त्याने फसायला कमी होतं. तरीही एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. जुन्या स्वस्त हँडीकॅमचं भिंग लांबचं जवळ आणण्यात तरबेज, पण जवळचं सगळं सामावून घेण्यात कच्चं. दहा बाय दहाच्या घरात भिंतीला पाठ टेकून बसलं तरी चौकटीत एकच माणूस पुरतं येई. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, एका खुंट्याला दोघींचे हात, एकीने ओवी उचलायची आणि दुसरीने धरायची. हँडीकॅमच्या चित्रात एकच बाई दिसते. दुसरीचा हात मध्येच आत येतो आणि जातो. आवाज दोघींचा, पण कुठला कुणाचा ते कळायला मार्ग नाही.

ओव्यांच्या बाबतीत ही हानी किती मोठी आहे हे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या कामाशेजारी ठेवल्यावर कळतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, पुढे त्यातल्या अनेकींचं ध्वनिमुद्रण झालं आणि आता तो ठेवा पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियातर्फे वाचकांसमोर येतो आहे. तिथे ओवीबरोबर बाईचं नाव आणि गाव आहे. ही ओवी कुणाची, हा प्रश्न त्यांनी पहिल्या रांगेत ठेवला. चित्र असूनही आमच्या टेपा नेमकं तेच सांगत नाहीत. नुसत्या आवाजाच्या नीट नोंदीपुढे वहीविना घेतलेला व्हिडिओ दुबळा ठरतो. अर्थात वहीची जोड असेल तर चित्र जे देतं ते आवाज कधीच देणार नाही. जातं ओढताना कंबरेतून येणारा जोर ओवीच्या कुठल्या अक्षरावर पडतो, श्वास कुठे घेतला जातो, दळण टाकायला हात सुटला की ओळ कशी लांबते, हे मी पाहिल्यानंतरच मला कळलं. तो दोन रुपयांच्या छापील ओवीसंग्रहात न मावणारा छंदशास्त्राचा धडा आहे.

उजेडाबद्दल थोडक्यात. स्वस्त कॅमेऱ्यातली प्रकाश झेलणारी चकती करंगळीच्या नखाहूनही लहान असते. दिवटीच्या उजेडात ती उपाशी राहते. मग कॅमेरा संकेत वाढवतो आणि चित्रभर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. धुपाच्या धुरात त्याला नजर कुठे रोखावी कळत नाही, चित्र धूसर-स्पष्ट, धूसर-स्पष्ट होत राहतं. काहींत रात्रीसाठी अवरक्त दिवा असतो. त्याने चार हातांवरचं हिरवट दिसतं, माणसांचे डोळे मांजरासारखे चमकतात आणि हळद-कुंकवाचा रंग संपतो. दशावताराच्या मंचावर उलटं होतं. चारी बाजू काळोख पाहून कॅमेरा उजेड जास्त घेतो आणि हॅलोजनखालचा रंगवलेला चेहरा पांढरा फटक उमटतो. भुवईची रेघ, गालावरचा ठिपका, ज्यावरून जाणकार पात्र ओळखतो, तेच पुसलं जातं. जेजुरीला आणखी गंमत. भंडाऱ्याने सगळं पिवळं झालं की पांढरा रंग शोधणारी योजना गोंधळते. एवढा पिवळेपणा म्हणजे दिव्याचा दोष असं समजून ती तो कापायला जाते. भंडारा फिकट, सावल्या निळसर. शिवाय भंडाऱ्याची पूड कॅसेटच्या दारातून आत शिरते आणि वाचणाऱ्या डोक्यावर बसते, हे वेगळंच.

अमेरिकेतल्या भाच्याने आणलेल्या हँडीकॅमचा एक खास मराठी मध्यमवर्गीय अध्याय आहे. तिकडच्या विजेचा ठेका सेकंदाला ६० फेऱ्यांचा, आपला ५०चा. कॅमेरा तिकडच्या ठेक्यावर चित्रं घेतो, आपली चोकवाली ट्यूबलाइट आपल्या ठेक्यावर लुकलुकते. दोघांचा मेळ बसत नाही आणि संपूर्ण चित्र धडधडत राहतं. वर ती टेप इथल्या पद्धतीत बदलून घेतली की सेकंदाला ३० चित्रांची २५ करताना काही चित्रं गाळली जातात. संबळावरचे अधूनमधून ठोकेच नाहीसे होतात. अशा टेपेवरून कुणी लय मोजायला बसला तर त्याला आधी भाच्याचा पत्ता विचारावा.

इतकं वाचून स्वस्त हँडीकॅम म्हणजे केवळ उपद्रव असा समज होईल. तसं मला वाटत नाही. त्याचे गुण मोठे आहेत, फक्त ते खोक्यावर छापलेले नसतात.

त्याची चिकाटी हा पहिला गुण. बटण दाबलं की तो चालत राहतो. फोटोच्या कॅमेऱ्यांना व्हिडिओ घेता यायला लागला तेव्हा अनेकांनी हँडीकॅम सोडले, पण त्यातले पुष्कळ कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबत. युरोपात तीस मिनिटं सलग चित्रण करणाऱ्या यंत्रावर व्हिडिओ कॅमेरा म्हणून जास्त जकात लागे, ती चुकवण्यासाठी कंपन्यांनी मर्यादा घातलेली. ब्रसेल्सच्या जकातीने मराठवाड्यातलं आख्यान मधोमध तुटावं, हा जागतिकीकरणाचा एक विनोदच. हँडीकॅमला ती अडचण नव्हती. मिनी-डीव्ही ६० मिनिटं चाले आणि कार्डावर लिहिणारे कॅमेरे बॅटरी जोडून दिली तर रात्रभर चालतात. शिवाय ते फारसे तापत नाहीत.

टेपेच्या काळात मात्र या चिकाटीला पैशाची कात्री होती. माझ्या वहीत एका कॅसेटची किंमत १६० रुपये नोंदवलेली आहे. रात्रभराच्या जागरणाला आठ-नऊ कॅसेटी लागणार. म्हणून सगळेच गाणं संपलं की बटण बंद करत. दोन गाण्यांमधली थट्टा, वाघ्याने मुरळीला दिलेली सूचना, यजमानाने मध्येच विचारलेला प्रश्न आणि त्याचं पदरचं उत्तर, हे बहुतेक टेपांवर नाही. त्या पाहणाऱ्याला जागरण म्हणजे गाण्यांची माळ वाटते. प्रत्यक्षात निम्मी रात्र बोलण्यात जाते आणि देवाचा विधी त्या बोलण्यात असतो. कार्ड आल्यावर हे बदललं. माझ्या २०१२ नंतरच्या मुद्रणांमध्ये चहाचे पेले वाजताना ऐकू येतात, आणि मला ती अधिक मोलाची वाटतात.

त्याचं लहान दिसणं हा दुसरा गुण. लग्नाचा व्हिडिओवाला प्रखर दिवा घेऊन येतो, वायर सोडणारा पोऱ्या बरोबर असतो, आणि त्याच्यासमोर माणसं ताठ होतात, पदर सारखा करतात. हँडीकॅम मांडीवर ठेवून चालतो. बाजूला उघडणारा पडदा असल्यामुळे डोळा कॅमेऱ्याला लावावा लागत नाही. समोरच्याकडे पाहत बोलता येतं आणि जमिनीवर बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून टिपता येतं. तेलंगणातल्या पास्तापूरच्या परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीबरोबर काम करणाऱ्या दलित शेतकरी स्त्रिया कॅमेरा शिकल्या तेव्हा त्यांनी चित्रणाच्या कोनांना आपली नावं दिली. वरून खाली पाहणारा तो पटेल शॉट, कारण पाटील तसाच पाहतो. समोरासमोर, समान पातळीवरचा तो संघम शॉट. आमच्या विद्यापीठीय परिभाषेत इतकी नेमकी व्याख्या मी पाहिलेली नाही. मांडीवरचा हँडीकॅम आपसूक संघम शॉट घेतो.

त्या पडद्याचा दुसरा उपयोग त्याहून मोठा. टिपलेलं तिथल्या तिथे दाखवता येतं. कितीतरी आज्यांनी स्वतःला पडद्यावर पाहून "थांब बाबा, ही अशी न्हाई, आदी दुसरी हाय" म्हणत ओव्यांचा क्रम लावून दिला आहे. पाठचिकित्सा करणाऱ्याला ग्रंथकार शेजारी बसून दुरुस्ती सांगतो आहे, असं भाग्य कुठे मिळतं?

आणि स्वस्तपणा हाही गुणच. महाग कॅमेरा पावसात, गर्दीत, भंडाऱ्यात काढायला हात धजत नाही. मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगांव के शोले' केला, सरकतं चित्रण हवं तेव्हा सायकल वापरली. त्या मंडळींचा खटाटोप फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात पाहायला मिळतो. यंत्र हरवलं-मोडलं तर घर बुडणार नाही, एवढ्या बेताच्या यंत्रावरच असं धाडस होतं. अभ्यासकालाही हेच लागू आहे. एका चांगल्या कॅमेऱ्याच्या पैशात दोन साधे घ्यावेत, एक अख्खी बैठक पाहणारा, एक फक्त हातांवर, असं मी हल्ली सुचवतो. आवाजासाठी हाताने पातळी लावता येणारा वेगळा ध्वनिमुद्रक ठेवायचा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे तिन्ही नंतर जुळवता येतात. तासाभरात दोन यंत्रांची घड्याळं काही चित्रांनी इकडेतिकडे होतात. म्हणून शेवटीही एक टाळी.

साधेपणा किती टोकाला न्यावा याचाही एक दाखला आहे. २००७ मध्ये अमेरिकेत फ्लिप नावाचा कॅमेरा आला. एक लाल बटण, ठरलेली नजर, संगणकात खुपसायला डब्यातूनच बाहेर येणारा यूएसबीचा हात. तासभर चित्रण. मायक्रोफोनला जागा नाही, जुळवण्यासारखं काहीच नाही. लोकांनी तो उचलून धरला; २००९ मध्ये सिस्कोने ती कंपनीच विकत घेतली आणि २०११च्या एप्रिलमध्ये तो धंदा बंदही केला. तोवर तेच काम मोबाइल करायला लागला होता. आज मोबाइलचं चित्र माझ्या जुन्या कॅमेऱ्याहून कितीतरी स्वच्छ येतं, दोघी जातेकरणी चौकटीत सहज मावतात. पण तो तापतो, मध्येच वाजतो, आवाजावर स्वतःची हुशारी चालवतो. पार्श्वभूमीचा गोंगाट काढायच्या नादात तो तुणतुणंही गोंगाटात धरू शकतो. नवा लेखनिक जास्त शिकलेला आहे, म्हणजे चुका जास्त सफाईने करणार. ऑनलाइन बाजारात अनोळखी नावांचे, '४के' आणि '४८ मेगापिक्सेल' मिरवणारे जे स्वस्त डबे मिळतात त्यांच्यापासून मात्र लांब राहावं. त्यांतल्या बहुतेकांत झूम केवळ ताणलेलं आणि आकडे फुगवलेले असतात.

आता सगळ्यात निकडीचं. टिपलेलं उरणार कसं?

मिनी-डीव्हीच्या एका तासाचे साधारण १३ जीबी होतात. २००५च्या घरगुती संगणकात ८० जीबीची डिस्क असे, म्हणजे सहा कॅसेटींत ती भरली. त्यामुळे टेपा संगणकात उतरवल्याच गेल्या नाहीत, कपाटात राहिल्या. काहींनी स्टुडिओतून व्हीसीडी करून घेतल्या आणि कॅसेटीवर पुढचं लग्न टिपलं. व्हीसीडीत मूळच्या चित्राचा फार थोडा अंश उरतो. मात्र जी फीत पुसली गेली नाही, ती अजून पुष्कळदा ठणठणीत निघते, हे मी अनुभवाने सांगतो. कोकणातल्या दमट घरांतल्या टेपांवर बुरशी येते, पण घाटावरच्या लोखंडी कपाटातल्या वीस वर्षांच्या कॅसेटी मी अलीकडेच सुरळीत वाचल्या आहेत. या बाबतीत टेप कार्डाहून सरस ठरली. कार्ड पुन्हा वापरण्यासाठीच असतं, ते रिकामं करावंच लागतं, आणि त्यावरची फाइल ज्या संगणकात गेली तो संगणक भंगारात गेला की सगळं संपतं. शिवाय डीव्हीच्या फितीवर प्रत्येक चित्राबरोबर तारीख आणि वेळ वेगळी लिहिलेली असते, कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर. मधल्या खंडांवरून कॅसेट कधी बदलली, बटण कधी बंद केलं, हे मिनिटागणिक काढता येतं. गायक थांबला की कॅमेरा थांबला, हा निकाल त्यावरून लागतो. हे सगळं व्हीसीडीत नाहीसं होतं, म्हणून वाचायची ती मूळ फीतच.

अडचण फितीची नाही, ती वाचणाऱ्या यंत्राची आहे. टेप उतरवायला कॅमेरा हवा, फायरवायर नावाची तार हवी आणि ती घेणारा संगणक हवा. नव्या लॅपटॉपांना ते भोकच नसतं. जुना डेस्कटॉप सांभाळणारा एखादा मित्र शोधावा लागतो. एका तासाच्या टेपेला एक तासच लागतो, घाई चालत नाही. नव्वद मिनिटं मिळावीत म्हणून पैसे वाचवायला 'एलपी' गतीवर घेतलेल्या टेपा तर पुष्कळदा ज्या कॅमेऱ्यावर टिपल्या त्यावरच नीट वाचल्या जातात, दुसऱ्यावर चौकोन चौकोन दिसतात. म्हणून घरात टेपा असतील तर तो जुना, चित्रण न करणारा, फक्त वाजवू शकणारा हँडीकॅम देऊन टाकू नये. त्याचा चार्जर आणि ती तार त्याच पिशवीत बांधून ठेवावी. डोकं साफ करायची कोरडी कॅसेट मिळाली तर एक घ्यावी. आणि टेप लावण्याआधी तिच्या कडेची लाल पट्टी सरकवून 'सेव्ह'वर करावी, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी त्यावर काही लिहिलं जाणार नाही.